नकारानंतरची पावलं

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. कव्हरवर शाळेच्या वहीवर असते तशीच चौकट: नाव, इयत्ता, विषय. नाव आणि इयत्ता कोरी. विषयापुढे निळ्या बॉलपेनने एकच अक्षर लिहिलंय: ‘तो’. आत पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेत.

‘मंगळवार. स. ७.४०. एसटी स्टँड. पानटपरीपाशी उभा. काही बोलला नाही.’ ‘बुधवार. ७.४०. तिथेच. मी ही बस सोडून पुढची धरली, त्यानेही तीच धरली.’ ‘शुक्रवार. अकरा मिस्ड कॉल. नंबर नवा.’ ‘रविवार. घरावरून बाइकच्या चार फेऱ्या. बाबा अंगणात होते, त्यांना वाटलं शेजारच्यांचा पाहुणा.’ ‘सोमवार. माझ्या नावाने नवीन अकाउंट. फोटो माझाच, गॅदरिंगचा.’

यातली कुठलीही एक ओळ वेगळी काढून वाचा, तिच्यात काहीच नाही. स्टँडवर उभं राहायला कोणाला बंदी आहे? रस्ता काय कोणाच्या मालकीचा आहे? ही वही जिने लिहिली त्या मुलीबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा समोरच्या हवालदारांनी नेमकं हेच विचारलं, “पण त्याने केलं काय?” त्या प्रश्नात तुसडेपणा नव्हता, त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. मग मी त्यांना वही पहिल्या पानापासून वाचायला सांगितली. एक्केचाळीस पानं भरली होती. विसाव्या पानाच्या आसपास त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं.

या पुस्तकाचा विषय त्या एक्केचाळीस पानांत आहे. एकेक पान क्षुल्लक आणि सगळी पानं मिळून गुन्हा, असा हा प्रकार. चोरी एका रात्रीत होते, खून एका क्षणात होतो. पाठलाग मात्र दिवसांचा आणि महिन्यांचा असतो, आणि जिचा होतो तिच्याखेरीज कोणालाही तो सलग दिसत नाही. म्हणून तिच्यावर विश्वास बसत नाही. पुढे तिचा स्वतःवरचाही विश्वास डळमळतो, आणि ‘माझ्याच मनाचे खेळ असतील’ म्हणून ती गप्प बसते.

आपल्या भाषेत या गोष्टीला धड नाव नाही, ही अडचण मला फार मोठी वाटते. आपण ‘छेडछाड’ म्हणतो. त्यात थट्टेचा वास आहे, आणि ती एका प्रसंगापुरती असते. ‘मागे लागणं’ म्हणतो, पण मागे तर आई अभ्यासासाठीही लागते. ‘पिच्छा पुरवणं’ या शब्दप्रयोगात तर चिकाटीचं थोडं कौतुकच मिसळलेलं आहे. इंग्रजीतला ‘स्टॉकिंग’ हा शब्द मूळचा शिकाऱ्यांचा आहे. हरणाच्या मागावर वारा बघत, दबकत, त्याला चाहूल लागू न देता जाणं, असा त्याचा अर्थ. त्या शब्दात सावज आहे, म्हणजे निदान कोण कोणाच्या मागावर आहे हे तरी स्पष्ट आहे.

आणि आपली वर्तमानपत्रं काय लिहितात? ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा द्यायला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच पेटवून मारण्यात आलं, तेव्हा हाच शब्द वापरला गेला. मे २०१३ मध्ये नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला आलेल्या मुलीवर वांद्रे टर्मिनसवर ॲसिड फेकलं गेलं. फेकणारा तिचा दिल्लीतला शेजारी होता, तो त्याच गाडीने मुंबईपर्यंत आला होता. महिनाभरात ती गेली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला कॉलेजवर शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं, आठवड्याने नागपुरात तिचा मृत्यू झाला. प्रत्येक वेळी तेच दोन शब्द. या मुलींची नावं मी इथे लिहीत नाही. महाराष्ट्राला ती माहीत आहेत, आणि त्यांच्या घरांत अजून माणसं राहतात.

‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द आपण टाकून द्यायला हवा. प्रेम एकतर्फी असू शकतं, त्यात काही गैर नाही. कित्येकांनी ते मनात ठेवून आयुष्य काढलं आहे, कोणाला ओरखडाही न काढता. ‘नाही’ ऐकल्यानंतरही जो थांबत नाही, त्याच्या वागण्याला प्रेम म्हटलं की समोरच्या बाईकडे आपोआप एक जबाबदारी येते. तिने त्याला समजून घ्यायला हवं होतं, नीट सांगायला हवं होतं, इतकं कठोर व्हायला नको होतं. एका शब्दाने आरोपी बिचारा ठरतो आणि ती निष्ठुर ठरते. हे आपण तीस वर्षांहून जास्त काळ करत आलो आहोत.

या विषयाचा अभ्यास सुरू झाला तोही एका चुकीच्या टोकाकडून. १९२१ साली द क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने एक भ्रम सविस्तर मांडला. कोणी तरी मोठी, प्रतिष्ठित व्यक्ती आपल्यावर गुप्तपणे प्रेम करते आहे, असं रुग्णाला ठाम वाटू लागतं, आणि त्या व्यक्तीचा नकारसुद्धा त्याला प्रेमाची खूणच वाटतो. त्याने वर्णन केलेले रुग्ण बहुतांशी स्त्रिया होत्या. पुढची कित्येक दशकं पाठलाग म्हणजे हा दुर्मीळ वेडाचा प्रकार, असंच समजलं गेलं. प्रत्यक्षात पाठलाग करणारे बहुसंख्य पुरुष असतात, ते वेडे नसतात, आणि बहुतेक वेळा ते अनोळखीही नसतात. आधीचा नवरा, आधीचा मित्र, वर्गातला, ऑफिसातला, गल्लीतला. हे कळायला फार उशीर लागला.

कायद्याला जाग आली ती अमेरिकेत. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला रिबेका शेफर ही एकवीस वर्षांची अभिनेत्री स्वतःच्या घराच्या दारात गोळी लागून मेली. मारणारा तिचा चाहता होता, तीन वर्षं तिच्या मागावर होता. तिचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेराकरवी मिळवला, आणि तो मिळाला सरकारी वाहन नोंदणी खात्यातून. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागाचा स्वतंत्र कायदा केला. तो जगातला पहिला मानला जातो. वाहन खात्याने लोकांचे पत्ते असे देऊ नयेत, यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेत वेगळा कायदा झाला. पत्ता ही किती जपायची गोष्ट आहे, ते तेव्हा एका मृत्यूने शिकवलं. आपल्याकडे सोसायटीच्या गेटवरची वही, झेरॉक्सच्या दुकानात विसरलेली आधारची प्रत, रिचार्जवाल्याकडे मोठ्याने सांगितलेला नंबर, कुरिअरच्या खोक्यावरचं लेबल, अशा कितीतरी वाटांनी तो रोज बाहेर जातो.

ब्रिटनने १९९७ मध्ये छळविरोधी कायदा केला. पण इंग्लंड-वेल्समध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला गेला २०१२ मध्ये. जपानची गोष्ट मात्र मला थोडी थांबून सांगायची आहे, कारण ती आपल्या फार जवळची आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये तोक्योजवळच्या साइतामा प्रांतात, ओकेगावा स्टेशनसमोर एका विद्यार्थिनीला भोसकून मारलं. तिने संबंध तोडल्यावर तो मुलगा आणि त्याची माणसं महिनोन् महिने तिला छळत होती. घरी फोन, घराभोवती पत्रकं, वडिलांच्या कंपनीत बदनामीची पत्रं. मुलगी आणि तिचे आईवडील पोलिसांकडे गेले, रीतसर तक्रार दिली. पोलिसांनी काय केलं, तर कागदावरचा ‘फिर्याद’ या अर्थाचा शब्द खोडून त्या जागी नुसती ‘माहिती दिली’ अशा अर्थाचा शब्द घातला. फिर्याद असती तर तपास करावा लागला असता. पुढे त्या पोलिसांना शिक्षा झाली, आणि २००० साली जपानने पाठलागविरोधी कायदा केला.

महाराष्ट्रात पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या कोणालाही हे वाचून ‘एनसी’ आठवेल. अदखलपात्र नोंद. “ताई, सध्या एनसी घेतो, बोलावून दम देतो त्याला.” बाईला वाटतं, तक्रार झाली. हातात चिठ्ठी असते, वर शिक्का असतो. पण त्या नोंदीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. पाठलाग हा आपल्या कायद्यात दखलपात्र गुन्हा आहे. त्याची एनसी होत नाही, एफआयआर होतो. या पुस्तकातून वाचकाने एकच ओळ पाठ करायची असेल, तर ही करावी.

हा गुन्हा आपल्या कायद्यात कसा आला, तेही माहीत असायला हवं. १९९६ च्या २३ जानेवारीला दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थिनीवर तिच्याच घरात बलात्कार करून तिचा खून झाला. तिच्याच कॉलेजातला एक मुलगा दीर्घ काळ तिच्या मागावर होता, तिने पुन्हा पुन्हा तक्रारी दिल्या होत्या, तिला पोलीस संरक्षणही मिळालं होतं. आरोपी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. १९९९ मध्ये खालच्या कोर्टाने त्याला सोडलं, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून फाशीची जन्मठेप केली. एवढं सगळं घडलं तरी पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला नव्हता. तो झाला डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला, त्याची तारीखही २३ जानेवारीच होती, साल २०१३. फेब्रुवारीत वटहुकूम निघाला, मार्चमध्ये संसदेत चर्चा झाली. त्या चर्चेत एका ज्येष्ठ खासदाराने सभागृहाला विचारलं की, आपल्यापैकी कोण मुलींच्या मागे गेलेलं नाही? पहिल्या वेळचा पाठलाग जामीनपात्र ठेवावा, असा आग्रह धरला गेला आणि तो मान्य झाला. आजही तसंच आहे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेचं ३५४ ड हे कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आलं आहे. आशय तोच. स्त्रीने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही जो पुरुष तिचा माग काढतो आणि पुन्हा पुन्हा संपर्क करतो किंवा करू पाहतो, तो गुन्हेगार. तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवतो, तोही गुन्हेगार. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि तेव्हा तो अजामीनपात्र. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. लैंगिक हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणं किंवा त्याच्यावर नजर ठेवणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. नवरा किंवा सोबत राहिलेला जोडीदार छळत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी त्याला कुठल्याही मार्गाने संपर्क करायला बंदी घालू शकतात. हा मार्ग फार कमी बायकांना माहीत असतो.

कलम ७८ मध्ये एक मोठं भोक आहे. ते फक्त पुरुषाने केलेल्या स्त्रीच्या पाठलागाबद्दल बोलतं. पाठलाग पुरुषांचाही होतो, तृतीयपंथी व्यक्तींचा तर फार होतो, आणि ते ठाण्यात गेले तर त्यांच्यावर हसतात. त्यांना धमकी, अडवणूक, ओळखीची चोरी, खासगी छायाचित्रं अशा वेगवेगळ्या कलमांचे तुकडे जोडून काम चालवावं लागतं. हे बदलायला हवं. तोवर या पुस्तकातल्या स्वसंरक्षणाच्या सूचना त्यांनाही तितक्याच लागू आहेत. पुस्तकात मी बहुतेक ठिकाणी ‘ती’ म्हटलं आहे, ते माझ्यासमोर आलेल्या माणसांमुळे.

अभ्यासाकडे परत येते. मेलबर्नच्या पॉल मलेन, मिशेल पाथे आणि रोझमेरी पर्सेल या तिघांनी पाठलाग करणाऱ्या १४५ जणांचा अभ्यास करून त्यांचे पाच प्रकार पाडले, आणि २००० साली त्यावर पुस्तक लिहिलं. नातं तुटल्यावर सूड आणि समेट या दोहोंत हेलकावणारा ‘नाकारलेला’. समोरची व्यक्ती आपलीच आहे अशा समजुतीत असलेला ‘जवळीक शोधणारा’. माणसांशी कसं वागावं हेच न कळणारा, आडमुठा ‘इच्छुक’. अपमानाचा डूख धरून बसलेला. आणि हल्ल्याची तयारी म्हणून गुपचूप पाळत ठेवणारा ‘शिकारी’. ही विभागणी मला उपयोगी वाटते, कारण तिच्यातून धोका मोजता येतो. आडमुठा इच्छुक बहुधा ठाम शब्दांनी किंवा पोलिसांच्या एका फोनने दुसरीकडे वळतो. नाकारलेला वळत नाही, आणि मारहाणीचा धोका त्याच्याकडून जास्त असतो. म्हणजे ज्याच्याबद्दल नातेवाईक म्हणतात, “आधी चांगलं होतं ना तुमचं, बोलून बघ एकदा,” त्याच्याच बाबतीत बोलून बघणं सगळ्यात घातक ठरतं.

दुसरा मोठा विचारप्रवाह स्त्री-चळवळीतून आला. ‘त्या’ माणसाच्या मनात काय बिघडलंय हे शोधत बसण्यापेक्षा तो काय मिळवतोय ते बघा, असं या मंडळींचं म्हणणं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये ‘जबरदस्तीचं नियंत्रण’ या अर्थाची कल्पना विस्ताराने मांडली. बाईने कुठे जावं, कोणाशी बोलावं, कधी झोपावं हे ठरवण्याचा हक्क हळूहळू काढून घेणं हाच खरा गुन्हा, मारहाण हे त्याचं एक हत्यार. पाठलागाकडे असं पाहिलं की लक्षात येतं, तो नातं तुटल्यानंतर सुरू होत नाही. तो नात्यातही चालूच असतो, फक्त तेव्हा त्याला ‘काळजी’ म्हणतात. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात नारी समता मंचासारख्या संघटनांनी बायकांना बोलतं केलं. १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही संस्था सुरू झाली, तिने मुलग्यांशी बोलायला सुरुवात केली. ही दुसरी बाजू आपल्याकडे फार उपेक्षित राहिली. मुलींना शिट्ट्या वाटून आणि कराटे शिकवून भागणार नाही. नकार ऐकून घरी कसं जायचं, हे मुलग्यांना कोणीतरी शिकवायलाच हवं.

ते त्यांना पडद्यावरून तर शिकायला मिळत नाहीच. १९९३ च्या ‘डर’मधल्या पाठलाग करणाऱ्याची नक्कल एका पिढीने गॅदरिंगमध्ये केली. २०१३ मध्ये कायदा आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘रांझणा’ आला, त्यातला नायक नकाराला न जुमानता मागे राहतो आणि प्रेक्षकांची सहानुभूती मिळवतो. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या कोर्टात दोन बायकांचा पाठलाग करणाऱ्या एका भारतीय तरुणाच्या बचावात त्याच्या वकिलाने हिंदी सिनेमाचा दाखला दिला, आणि तो तुरुंगात न जाता सुटला. सिनेमा पाहून कोणी गुन्हेगार होतो असं मी म्हणत नाही. पण मुलीचं ‘नाही’ म्हणजे ‘अजून प्रयत्न कर’, हे वाक्य आपण इतक्या मुलांच्या कानांत इतकी वर्षं भरलं आहे, की त्यावर आता गप्प राहणं मला शक्य नाही.

तिसरा प्रवाह प्रत्यक्ष संरक्षणाचा. त्यातलं गॅव्हिन डी बेकर यांचं १९९७ चं ‘द गिफ्ट ऑफ फिअर’ हे पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्यातला एक मुद्दा मी रोज वापरते. त्याने तीस फोन केले, तुम्ही एकोणतीस उचलले नाहीत आणि तिसावा चिडून उचलला, ‘परत फोन करू नकोस’ म्हणून ओरडलात. त्याने काय ऐकलं? तीस फोन केले की तिचा आवाज मिळतो. उद्या तो एकतिसावाही करील. म्हणून नकार एकदाच, स्पष्ट, कारणं न देता, शक्य तर लेखी. ‘आत्ता मला वेळ नाही’, ‘घरचे परवानगी देणार नाहीत’ ही कारणं आपण समोरच्याचं मन राखायला देतो, तो ती अडथळे म्हणून ऐकतो आणि अडथळे दूर करायला लागतो. एकदा ‘मला तुझ्याशी संपर्क नको’ असं कळवलं की त्यानंतर शांतता, शिवीसुद्धा नाही. कायद्यालाही हा स्पष्ट नकार लागतो, तो मेसेजमध्ये असला तर पुरावा आपसूक तयार होतो.

जुना नंबर बंद करायची घाई करू नका, असं आम्ही सांगतो तेव्हा आईवडील चकित होतात. नंबर बंद झाला की तो नवी वाट शोधतो, आणि पुराव्याचा ओघ तुटतो. जुना नंबर सायलेंट करून दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा, नवा मोजक्याच माणसांना द्यावा. मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसेल असं बघावं, मूळ फोन जपून ठेवावा, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. आणि ‘शेवटचं एकदा भेट’ या निरोपावर कधीही जाऊ नये. मैत्रीण सोबत असली तरी, दिवसा असलं तरी, देवळात असलं तरी.

तंत्रज्ञानाने हा विषय गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतका बदलून टाकला की जुनी पुस्तकं अपुरी पडली, आणि हे नवं लिहावं लागलं. जपानने आपल्या कायद्यात २०१३ मध्ये ईमेल, २०१६ मध्ये समाजमाध्यमं आणि २०२१ मध्ये जीपीएस असे एकेक शब्द घातले. गुन्हेगार पुढे आणि कायदा धापा टाकत मागे, हे त्या तीन तारखांत दिसतं. एक बाई माझ्याकडे आली होती. वेगळी राहत होती, पण दुपारी बहिणीशी जे बोलायची ते नवऱ्याला संध्याकाळी ठाऊक असायचं. तिला वाटायचं, बहीणच फितूर आहे. दोघींचं बोलणं तुटायची वेळ आली होती. आम्ही तिच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपची ‘लिंक्ड डिव्हायसेस’ यादी उघडली. तिथे एक कॉम्प्युटर जोडलेला होता. सहा महिन्यांपूर्वी, ती अंघोळीला गेली असताना, नवऱ्याने दोन मिनिटांत क्यूआर कोड स्कॅन केला होता. कुठलंही महागडं हेरगिरीचं सॉफ्टवेअर लागलं नव्हतं.

तिचा हात लगेच ‘लॉग आउट’कडे गेला. मी थांबवलं. आधी फोटो काढून घेतला, मग ती त्या रात्री कुठे झोपणार ते ठरवलं, आणि मगच ते जोडलेलं यंत्र काढलं. पाळत तुटल्याचं त्याला त्याच मिनिटाला कळतं, आणि तो क्षण धोक्याचा असतो. लपवलेल्या ॲपचं, बॅगेत टाकलेल्या ट्रॅकरचंही तसंच. छोटे ट्रॅकर जवळ असतील तर आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही सूचना देतात, ती सूचना आली तर घाबरून फेकून देऊ नका. शंका असेल तर मदत मागायला दुसऱ्याचा फोन वापरा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पुस्तक लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. मुली सांगत नाहीत. शाळेत, कॉलेजात, वस्तीत बोलायला गेले की शेवटी कोपऱ्यात एखादी थांबते आणि सांगते. मग मी विचारते, घरी सांगितलंस? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, “घरी सांगितलं तर कॉलेज बंद करतील.” त्या मुलीला मागे लागलेल्या मुलाची भीती असते, पण तिच्याहून मोठी भीती बापाच्या प्रेमाची असते. त्याच्या काळजीची. कारण त्या काळजीचा मार्ग तिला ठाऊक असतो. आधी फोन काढून घेतील, मग शिकवणी बंद, मग मामा एखादं स्थळ आणेल. पाठलाग करणाऱ्याला जे साधायचं होतं, म्हणजे तिचं जग आखडून टाकायचं, ते काम घरच पूर्ण करतं. तो मोकळा फिरतो.

म्हणून हे पुस्तक मुलींसाठी जितकं आहे, तितकंच बापांसाठी, भावांसाठी, वर्गशिक्षकांसाठी, हॉस्टेलच्या रेक्टरसाठी, बीटवरच्या शिपायासाठी आहे. त्यात कायदा आहे, पण ते कायद्याचं पुस्तक नाही. मानसशास्त्र आहे, पण ‘त्या’च्या मनापेक्षा ‘ति’च्या दिवसाला जास्त जागा दिली आहे: सकाळी कोणत्या दाराने बाहेर पडायचं, वॉचमनला नेमकं काय सांगायचं, ऑफिसच्या वरिष्ठांशी कोणत्या शब्दांत बोलायचं, एफआयआर घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना पत्र कसं लिहायचं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कसं जायचं. आत्महत्येची धमकी, हत्याराचा उल्लेख, घरात शिरण्याचा प्रयत्न, पाळीव जनावराला इजा, नोकरी सुटल्यावर किंवा कोर्टाची नोटीस मिळाल्यावर अचानक वाढलेला संपर्क, ही लक्षणं दिसली तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी हालचाल करायची असते. ती कशी करायची, यावर पुस्तकात सगळ्यात जास्त पानं गेली आहेत, आणि ती जावीत असंच मला वाटत होतं.

सगळं नीट केलं तरी कोणी हल्ल्यातून वाचेलच, असं वचन या पुस्तकात नाही. दिल्लीच्या त्या विद्यार्थिनीने सगळं केलं होतं. काही चुकलं तर ‘पुस्तकात सांगितलं होतं, तिने केलं नाही’ असं कोणी कोणाबद्दल म्हणू नये. पाठलागाची जबाबदारी पाठलाग करणाऱ्याची असते.

संकट आत्ता, याच घडीला असेल तर ११२ लावा. महिलांसाठी १०९१ आणि १८१ आहेत. ऑनलाइन छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर देता येते, आणि महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या तक्रारीत नाव न देण्याचीही सोय आहे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

पुस्तकाच्या शेवटी सोळा पानं कोरी ठेवली आहेत. त्यांवर रकाने छापलेत: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं. ज्याला गरज असेल त्याने ती फाडून न्यावीत, पुस्तक ग्रंथालयाचं असलं तरी. ग्रंथपालांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या पानांचा हिशोब कोणाकडे मागू नका.